स्त्रीबीज-संचय : शास्त्र, कायदा आणि स्त्रीचा निर्णय

बेळगावच्या दक्षिणेस, राजहंसगडाच्या परिसरात वसलेले येळ्ळूर हे भातशेतीचे गाव. सुगी आटोपली की पुढील हंगामासाठी निवडक बियाणे वाळवून, पाखडून वेगळे राखून ठेवावयाचे, ही येथील शेतकरी कुटुंबांची पिढ्यान्‌पिढ्यांची रीत. बियाणे राखण्याचे हे काम बहुधा घरातील स्त्रीनेच केले. आज त्याच घरांतील लेकी बेळगावच्या महाविद्यालयांतून पदव्या घेत आहेत. कर्नाटकात ११ जून २०२३ पासून स्त्रियांना राज्य परिवहनाच्या साध्या बसगाड्यांतून विनामूल्य प्रवास करता येऊ लागला, तेव्हापासून तर शिक्षणासाठी शहरात जाणे-येणे अधिकच सुकर झाले. पुढे याच मुली पुणे, बंगळूर, मुंबई अशा शहरांतून नोकरीस लागतात आणि तेथे त्यांच्या कानांवर एक नवी गोष्ट येते. आपले स्त्रीबीज ऐन तारुण्यात शरीराबाहेर काढून गोठवून ठेवता येते आणि पुढे योग्य वेळी मातृत्वासाठी त्याचा उपयोग करता येतो, अशी ती गोष्ट होय.

दिवाळीला गावी आलेल्या एखाद्या तिशीतील मुलीने हा विषय घरात काढला, तर आई गोंधळून जाते, वडील न बोलता उठून अंगणात जातात आणि वर्तमानपत्र नियमाने वाचणारे शिक्षकही ‘हे श्रीमंतांचे खूळ’ एवढे म्हणून थांबतात. विषय नाजूक आहे, खर्चाचा आहे आणि त्याविषयी जाहिरातींतून जेवढे सांगितले जाते तेवढेच वगळलेही जाते. म्हणून या प्रक्रियेचे शास्त्र काय, तिच्यापासून कितपत आशा बाळगता येते आणि कायदा काय म्हणतो, याची माहिती येथे दिली आहे. कोणास या मार्गाकडे वळवावे किंवा त्यापासून परावृत्त करावे, हा लेखाचा हेतू नाही.

बीज आणि क्षेत्र

आपल्याकडील जुन्या विचारसरणीत पुरुष हा बीज देणारा आणि स्त्री हे क्षेत्र, म्हणजे शेत, असे मानले गेले. मूल होत नसेल तर दोष जमिनीचा, हा निष्कर्ष त्यातूनच निघाला आणि त्यापायी किती स्त्रियांच्या आयुष्याची धूळधाण झाली याची गणती नाही. सस्तन प्राण्यांच्या मादीच्या शरीरातही बीज असते, हे कार्ल अर्न्स्ट फॉन बेअर या शास्त्रज्ञाने १८२७ साली सूक्ष्मदर्शकाखाली पाहिले, तेव्हा ही कल्पना मुळातूनच उखडली गेली. अपत्याच्या जडणघडणीत स्त्रीच्या बीजाचा वाटा निम्मा असतो. शिवाय गर्भ वाढविण्याचा सारा भार तिचाच.

मात्र या बीजाचा एक निसर्गनियम आहे आणि या लेखातील सर्व विवेचन त्याभोवतीच फिरते. पुरुषाच्या शरीरात शुक्रजंतू आयुष्यभर नव्याने तयार होत राहतात. स्त्रीच्या बाबतीत तसे नाही. मुलगी आईच्या पोटात असतानाच तिच्या बीजकोशांत लक्षावधी बीजे तयार होतात आणि पुढे त्यांत भर पडत नाही. जन्माच्या वेळी ती सुमारे १० ते २० लाख असतात, वयात येईपर्यंत ३ ते ४ लाख उरतात आणि संपूर्ण आयुष्यात त्यांपैकी केवळ ४०० ते ५०० बीजे पक्व होऊन बाहेर पडतात. उरलेली आपोआप विरून जातात. भारतीय स्त्रीची मासिक पाळी सरासरीने सेहेचाळीस-सत्तेचाळीसच्या सुमारास कायमची थांबते. मूल होण्याची शक्यता त्याच्या कित्येक वर्षे आधीच क्षीण झालेली असते.

संख्या घटते त्याबरोबर बीजाचा कसही घटतो. पस्तिशीनंतर बीजातील गुणसूत्रांची विभागणी चुकण्याचे प्रमाण वाढू लागते आणि चाळिशीनंतर ते झपाट्याने वाढते. गर्भधारणा न होणे, गर्भपात होणे, क्वचित व्यंग असलेले मूल जन्मास येणे, यांचे मूळ पुष्कळदा येथे असते. गर्भाशय मात्र त्या मानाने दीर्घकाळ कार्यक्षम राहते. बीजाचे वय आणि गर्भाशयाचे वय यांतील या तफावतीवरच स्त्रीबीज गोठविण्याची सारी कल्पना उभी आहे. तिसाव्या वर्षी काढलेले बीज चाळिसाव्या वर्षी वापरले, तरी ते तिसाव्या वर्षाचेच राहते.

शीतपात्राचे गणित

गावात गुरांचे डॉक्टर कृत्रिम रेतनासाठी येतात, तेव्हा त्यांच्याजवळील रुंद पोटाचे, वाफाळणारे पात्र शेतकऱ्यांनी पाहिलेले असते. त्यात द्रवरूप नत्रवायू असतो आणि त्याचे तापमान शून्याखाली १९६ अंश असते. उत्तम वळूचे वीर्य बारीक नळ्यांतून त्यात वर्षानुवर्षे टिकते. मनुष्याच्या गोठविलेल्या शुक्रजंतूंपासून अपत्यजन्म झाल्याची घटना १९५३ सालची. मग स्त्रीबीज गोठविण्यास एवढा विलंब का लागला?

कारण साधे आहे. शुक्रजंतू अतिसूक्ष्म आणि जवळजवळ कोरडा; स्त्रीबीज ही मानवी शरीरातील सर्वांत मोठी पेशी आणि तिच्यात पाण्याचा अंश भरपूर. पाणी गोठले की त्याचे टोकदार स्फटिक होतात आणि ते पेशीला आतून फाडतात. ऑस्ट्रेलियातील ॲडलेड येथे डॉ. ख्रिस्तोफर चेन यांनी १९८६ साली गोठविलेल्या स्त्रीबीजांपासून जुळ्यांचा जन्म घडवून आणला खरा. परंतु त्यानंतरही बरीच वर्षे यश तुरळकच राहिले. पुढे बीजातील पाणी रसायनांच्या साहाय्याने काढून घेऊन ते क्षणार्धात इतके थंड करावयाचे की स्फटिक बनण्यास अवसरच मिळू नये, ही रीत प्रचारात आली. या रीतीत पेशी बर्फासारखी गोठत नाही, काचेसारखी घट्ट होते. तिच्या साहाय्याने पहिले मूल १९९९ साली जन्मले. आता अनुभवी प्रयोगशाळेत दहांपैकी आठ-नऊ बीजे ऊब दिल्यानंतर सुस्थितीत हाती येतात. अमेरिकेतील प्रजनन-वैद्यकाच्या संस्थेने २०१२ साली या पद्धतीवरील ‘प्रायोगिक’ हा शिक्का काढून टाकला आणि त्यानंतरच ती जगभर पसरली.

कोलकाता ते मुंबई

या शास्त्राच्या इतिहासात भारताचे एक पान आहे. ते अभिमानाचे आहे, तसेच दुःखाचेही. कोलकात्याचे डॉ. सुभाष मुखर्जी यांच्या प्रयत्नाने ३ ऑक्टोबर १९७८ रोजी भारतातील पहिले परीक्षानळीतील बालक जन्मास आले. इंग्लंडमधील लुईस ब्राउनच्या जन्मास तेव्हा जेमतेम सव्वादोन महिने झाले होते. विशेष असे की डॉ. मुखर्जींनी भ्रूण आधी गोठवून नंतर गर्भाशयात सोडला होता. राज्य शासनाने नेमलेल्या समितीने त्यांचा दावा अमान्य केला. उपेक्षेने खचलेल्या या संशोधकाने १९८१ साली आपले जीवन संपविले. मुंबईच्या के. ई. एम. रुग्णालयात ६ ऑगस्ट १९८६ रोजी हर्षा या मुलीचा जन्म झाला, तेव्हा डॉ. इंदिरा हिंदुजा आणि डॉ. टी. सी. आनंद कुमार यांना पहिलेपणाचा मान मिळाला. याच आनंद कुमारांनी पुढे डॉ. मुखर्जींची टिपणे स्वतः तपासली आणि १९९७ साली तो मान जाहीरपणे त्यांना परत केला. तज्ज्ञांच्या समित्या चुकतात, हे शासकीय पत्रिकेत लिहावयास संकोच वाटू नये.

ऐच्छिक स्त्रीबीज-संचयाची चर्चा आपल्याकडे घरोघरी पोहोचली ती २०१६ साली. १९९७ ची जगत्सुंदरी डायना हेडन हिने लग्नाआधीच, २००७-०८ च्या सुमारास, मुंबईच्या डॉ. नंदिता पालशेतकर यांच्याकडे आपली १६ बीजे गोठवून ठेवली होती. त्यांतून जानेवारी २०१६ मध्ये तिला कन्या झाली. त्या वेळी तिचे वय ४२ होते. या बातमीने अनेकींना धीर आला. मात्र वृत्तपत्रांत छापून येते ती यशाची कथा. ज्यांची बीजे ऊब दिल्यावर फलद्रूप झाली नाहीत, त्या आपण होऊन मुलाखत देत नाहीत, हे वाचताना ध्यानी ठेवलेले बरे. (या विषयाची चर्चा निघाली की गांधारीच्या तुपाच्या घड्यांचा दाखला देणारा एक तरी गृहस्थ भेटतोच. कथा ही कथा म्हणून थोर आहे. तिला प्रयोगशाळेत ओढू नये.)

शरीरावर काय घडते

दर महिन्यास बीजकोशात अनेक बीजे वाढीस लागतात, पण पक्व होते ते बहुधा एकच. बाकीची जिरून जातात. सुमारे दहा-बारा दिवस रोज संप्रेरकाची टोचणी देऊन त्या जिरणाऱ्या बीजांनाही पक्व केले जाते. त्यामुळे ‘साठा लवकर संपतो’ ही भीती निराधार आहे. अधूनमधून सोनोग्राफी व रक्ततपासणी होते. अखेरचे टोचण दिल्यानंतर सुमारे ३६ तासांनी थोडी भूल देऊन योनिमार्गातून सुईने बीजे शोषून घेतात. त्याच दिवशी घरी जाता येते. पोट फुगणे, मळमळणे असा त्रास अनेकींना होतो. क्वचित बीजकोश प्रमाणाबाहेर सुजून पोटात पाणी साचते आणि रुग्णालयात राहावे लागते. रक्तस्राव किंवा जंतुसंसर्ग हे धोके विरळा, पण आहेत.

पुढे मूल हवे होते तेव्हा बीजास ऊब देऊन प्रत्येकात सूक्ष्म सुईने एकेक शुक्रजंतू सोडावा लागतो. भ्रूण तयार झाल्यास तीन ते पाच दिवसांनी तो गर्भाशयात ठेवतात. म्हणजे गोठवण हा अर्धा प्रवास झाला. उरलेला अर्धा, खर्चासह, पुढेच असतो. चाळिशीतील गर्भारपणात रक्तदाब, मधुमेह आणि शस्त्रक्रियेने प्रसूती यांचे प्रमाण अधिक असते, आणि बीज तरुण असल्याने हे धोके टळत नाहीत.

आशा किती धरावी

पेरणीपूर्वी बियाण्याची परीक्षा कशी घेतात, हे येळ्ळूरच्या शेतकऱ्यास सांगावयास नको. शंभर दाणे मोजून ओल्या गोणपाटात गुंडाळावे, आठवड्याने उलगडून मोड आलेले मोजावे. ऐंशीच्या आसपास उगवले तर बियाणे पेरावे, नपेक्षा बदलावे. स्त्रीबीजाची अशी परीक्षा घेता येत नाही. सूक्ष्मदर्शकाखाली ते पक्व आहे की नाही एवढे कळते. त्यातून मूल होईल की नाही, हे ते वापरल्याखेरीज समजत नाही आणि वापरले की ते संपते. त्या वेळी स्त्रीचे वय बेचाळीस-पंचेचाळीस झालेले असेल, तर नवे बियाणे आणावयास दुकान उघडे नसते. गोठविलेल्या बीजाला ‘विमा’ म्हणण्याची प्रथा जाहिरातदारांनी पाडली आहे. ती मला साफ चुकीची वाटते. विम्यात घटना घडली की रक्कम मिळते. येथे हप्ते सारे भरूनही हात रिकामा राहू शकतो.

आकडे बोलके आहेत. बॉस्टन येथील संशोधकांनी २०१७ साली मांडलेल्या गणितानुसार, एक तरी मूल होण्याची शक्यता ७५ टक्के असावी असे वाटत असेल, तर ३४ व्या वर्षी १०, ३७ व्या वर्षी २० आणि ४२ व्या वर्षी ६१ बीजे गोठवावी लागतील. एका फेरीत तरुण स्त्रीकडून दहा-पंधरा बीजे मिळू शकतात. चाळिशीतील स्त्रीकडून पुष्कळदा चार-पाचच मिळतात. तेव्हा ६१ हा आकडा जवळजवळ अशक्यच समजावा. हे झाले गणित. प्रत्यक्ष अनुभवाचा लेखाजोखा न्यूयॉर्कमधील एका विद्यापीठ-रुग्णालयाने २०२२ साली प्रसिद्ध केला. पंधरा वर्षांच्या अवधीत बीजे गोठवून ती वापरण्यास परत आलेल्या ५४३ स्त्रियांपैकी ३९ टक्के स्त्रियांना अपत्यप्राप्ती झाली होती. बीजे गोठविताना त्यांचे सरासरी वय ३८ होते. त्यांपैकी ज्यांनी ३८ वर्षांच्या आत बीजे गोठविली त्यांच्यात हे प्रमाण ५१ टक्के होते, आणि त्यांच्यातही ज्यांना २० किंवा अधिक बीजे वापरता आली त्यांच्यात ७० टक्के.

या आकड्यांचे दोन अर्थ निघतात आणि दोन्ही खरे आहेत. पस्तिशीच्या आत पुरेशी बीजे राखली तर आशेस जागा आहे. आणि चाळिशीच्या उंबरठ्यावर घाबऱ्याघुबऱ्या घेतलेला निर्णय बहुधा महागात पडतो. तिसरीही एक बाजू आहे. बीजे गोठविलेल्या बहुसंख्य स्त्रिया ती वापरावयास परतच येत नाहीत, असे निरनिराळ्या देशांतील पाहण्या सांगतात. कोणास नैसर्गिक रीत्या मूल होते, कोणाचा विचार बदलतो, कोणास जोडीदारच भेटत नाही. त्यामुळे पंचविशीतील मुलीस घाईने या मार्गाला लावणे हेही शहाणपणाचे नव्हे.

‘ए. एम. एच.’ नामक एका रक्ततपासणीचाही अलीकडे बराच गवगवा झाला आहे. इंजेक्शने दिल्यास किती बीजे हाती येतील, याचा अंदाज या तपासणीवरून बांधता येतो. ज्या स्त्रीचा हा आकडा कमी आला, तिला नैसर्गिक रीत्या मूल होणार नाही असे मात्र त्यावरून म्हणता येत नाही. अमेरिकेत २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या अभ्यासात, कमी आकडा असलेल्या स्त्रियांनाही इतरांइतक्याच प्रमाणात दिवस गेल्याचे आढळले. केवळ एका आकड्याने भयभीत होऊन कर्ज काढणाऱ्या मुलीस हे कोणीतरी सांगावयास हवे.

कर्करोगाच्या उपचारापूर्वी, किंवा बीजकोशावर शस्त्रक्रिया करण्यापूर्वी बीजे राखून ठेवणे हा विषय अगदी वेगळा आहे. तेथे औषधांनी बीजकोश निकामी होण्याचा धोका समोर उभा असतो आणि उपचार सुरू होण्याआधीचे दोन-तीन आठवडेच काय ते हाती असतात. अशा तरुण रुग्णाच्या नातेवाइकांनी, विवाह झालेला असो वा नसो, डॉक्टरांना हा प्रश्न विचारण्यास मुळीच संकोच करू नये.

उशीर कोणामुळे

शिकलेल्या मुली नोकरीच्या मोहापायी मातृत्व लांबणीवर टाकतात, असा सर्वसाधारण समज आहे. अमेरिकेतील येल विद्यापीठाच्या मानववंशशास्त्रज्ञ मार्शिया इनहॉर्न यांनी बीजे गोठविलेल्या दीडशेहून अधिक स्त्रियांशी सविस्तर बोलून २०२३ साली ग्रंथ प्रसिद्ध केला. त्यातून निराळेच चित्र समोर आले. बहुसंख्य स्त्रियांचा अडसर नोकरी हा नव्हता. शिक्षणाने, विचाराने तोडीचा आणि संसाराची जबाबदारी घेण्यास तयार असा जोडीदार त्यांना मिळालेला नव्हता.

मराठी वाचकास हे ऐकून नवल वाटण्याचे कारण नाही. विभावरी शिरूरकर या टोपणनावाने मालतीबाई बेडेकरांनी ‘कळ्यांचे निःश्वास’ हा कथासंग्रह १९३३ साली प्रसिद्ध केला, तेव्हा शिकलेल्या, मिळवत्या, वय वाढत चाललेल्या अविवाहित मुलींची कुचंबणा प्रथमच उघडपणे मांडली गेली आणि महाराष्ट्रात खळबळ उडाली. नव्वद वर्षांत प्रश्न तसाच राहिला. त्यावर तोडगा म्हणून शीतपात्र तेवढे नवीन आले. सीमाभागातील गावांतही आज मुली पदवीपर्यंत पोहोचतात, मुलगे त्याआधीच शिक्षण सोडतात, आणि मुलीहून अधिक शिकलेलाच वर हवा हा आग्रह दोन्हीकडील मंडळी सोडत नाहीत. मग ‘पोरगी थोराड झाली’ म्हणून बोल लावावयाचा तो मुलीलाच. हा हिशेब न्याय्य नाही.

मूल केव्हा व्हावे हे ठरविण्याचा अधिकार स्त्रीचा आहे, हा विचारही आपल्याकडे उसना आलेला नाही. र. धों. कर्वे यांनी १९२१ साली मुंबईत संततिनियमनाचे केंद्र उघडले, त्यापायी त्यांना प्राध्यापकी सोडावी लागली, आणि १९२७ पासून ‘समाजस्वास्थ्य’ मासिक त्यांनी हालअपेष्टा सोसून अखेरपर्यंत चालविले. पुढे शासनानेच तो कार्यक्रम हाती घेतला. लाल त्रिकोण रंगविलेल्या भिंती पन्नाशी ओलांडलेल्या वाचकांना आठवत असतील. कर्नाटक आणि महाराष्ट्र या दोन्ही राज्यांत २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार दर स्त्रीमागे सरासरी १.७ मुले होतात. ‘किती’ हा प्रश्न बराचसा सुटला. आता ‘केव्हा’ हा प्रश्न उभा राहिला आहे.

येथे एका गोष्टीविषयी सावध राहावयास हवे. फेसबुक आणि ॲपल या अमेरिकी कंपन्यांनी २०१४ साली आपल्या महिला कर्मचाऱ्यांच्या बीज-गोठवणीचा खर्च उचलण्याचे जाहीर केले. हे औदार्य म्हणावे की ‘आत्ता काम करा, मूल नंतर पाहू’ अशी गोड भाषेतील सूचना म्हणावी, असा वाद तेव्हा माजला, आणि तो रास्त होता. आपल्याकडे २०१७ च्या दुरुस्तीने प्रसूती रजा २६ आठवड्यांची झाली आणि ५० किंवा त्याहून अधिक कर्मचारी असलेल्या आस्थापनांवर पाळणाघराची जबाबदारी आली. तिशीच्या आत मूल व्हावे असे जिला वाटते, तिला या सवलती प्रत्यक्षात मिळाल्या, तर तिच्यापुरता शीतपात्राचा प्रश्नच उद्‌भवणार नाही. स्त्रीवर लग्नासाठी किंवा बाळंतपणासाठी जसे दडपण नको, तसे ते लांबविण्यासाठीही नको.

कायदा काय सांगतो

साहाय्यित प्रजनन तंत्रज्ञान (नियमन) अधिनियम, २०२१ हा कायदा जानेवारी २०२२ पासून अमलात आला. त्यापूर्वी अशा केंद्रांवर म्हणण्यासारखे बंधन नव्हते. या कायद्यान्वये प्रत्येक केंद्राची नोंदणी सक्तीची आहे. २१ वर्षांहून अधिक आणि ५० वर्षांहून कमी वयाच्या स्त्रीस या सेवा घेता येतात आणि त्यासाठी ती विवाहित असण्याची अट नाही. लेखी संमती तिचीच हवी. सज्ञान मुलीच्या बाबतीत आई-वडिलांच्या सहीची गरज कायद्याने ठेवलेली नाही. तिची माहिती गुप्त राखणे केंद्रावर बंधनकारक आहे. बीजांची खरेदी-विक्री आणि मुलगा किंवा मुलगी हे आधी ठरवून मूल देणे, हे दोन्ही गुन्हे आहेत.

चीनमध्ये परिस्थिती याहून निराळी आहे. तेथील एका अविवाहित तरुणीस बीजिंगच्या रुग्णालयाने बीजे गोठविण्यास नकार दिला. तिने न्यायालयात धाव घेतली. अनेक वर्षे लढूनही २०२४ साली तिचे अपील फेटाळले गेले. त्या मानाने आपला कायदा स्त्रीच्या बाजूने बराच उदार आहे.

मात्र दोन मर्यादा नीट समजून घ्याव्या. दात्याचे बीज किंवा तयार झालेला भ्रूण दहा वर्षांहून अधिक काळ साठविता येत नाही. स्वतःची बीजे राखणाऱ्या स्त्रीने आपल्या करारात मुदत किती लिहिली आहे, हे आधीच पाहून घ्यावे. (ब्रिटनमध्ये ही मर्यादा दहा वर्षांचीच होती, १ जुलै २०२२ पासून ती कमाल ५५ वर्षांपर्यंत वाढविण्यात आली.) दुसरी मर्यादा अधिक कठोर आहे. पुढे काही कारणाने स्वतःच्या उदरात गर्भ वाढविणे अशक्य झाले, तर सरोगसी, म्हणजे दुसऱ्या स्त्रीच्या गर्भाशयात तो वाढविणे, हा मार्ग अविवाहित स्त्रीस २०२१ च्या सरोगसी कायद्याने बंद आहे. एकल स्त्रियांपैकी केवळ ३५ ते ४५ वयाच्या विधवा व घटस्फोटिता यांनाच तो खुला ठेवला आहे. बीजे जपून ठेवली म्हणजे सर्व वाटा मोकळ्या झाल्या, असे समजणाऱ्या अविवाहित मुलींना हे कलम सहसा कोणी वाचून दाखवीत नाही.

निर्णयापूर्वी

खर्चाचा अंदाज घेतल्याविना पाऊल टाकू नये. शहरातील खासगी केंद्रांतून एका फेरीस साधारणतः लाख-दीड लाखाच्या वर खर्च येतो, औषधांनुसार तो वाढतो, साठवणुकीचे शुल्क दर वर्षी वेगळे आणि पुढे भ्रूण तयार करून गर्भाशयात सोडण्याचा खर्च आणखी वेगळा. दागिने मोडून किंवा शेत गहाण टाकून एक फेरी करावी आणि दुसऱ्या फेरीस पैसे उरू नयेत, असे झाले तर पहिलीचाही उपयोग होईलच असे नाही. अपत्यहीन जोडप्यांवरील उपचारांच्या सोयी काही शासकीय रुग्णालयांतून होऊ लागल्या आहेत. त्यांत ऐच्छिक गोठवणही बसते, असे गृहीत धरू नये.

शिक्षकांना एक विनंती. नववी-दहावीच्या विज्ञानात प्रजननसंस्थेचा धडा येतो. ‘घरी वाचा’ म्हणून तो पुढे ढकलण्याची प्रथा अनेक शाळांत आहे. स्त्रीबीजाचा साठा मर्यादित असतो आणि वयाबरोबर त्याचा कस घटतो, हे एवढे एक वाक्य जरी मुलामुलींना वेळीच समजले, तरी पुढे पस्तिशीत पहिल्यांदा ते ऐकून धक्का बसण्याची वेळ येणार नाही. मुलांनाही ते समजले पाहिजे. पुरुषाच्या बीजावरही वयाचा परिणाम होतो आणि लग्नाचा निर्णय लांबविणारा पुष्कळदा तोच असतो.

ज्या स्त्रीने सारा विचार करून हा मार्ग निवडला असेल, तिने केंद्राचा नोंदणी क्रमांक राष्ट्रीय नोंदवहीत पडताळून पाहावा. ‘तुमच्याकडे किती बीजे गोठविली गेली’ यापेक्षा ‘तुमच्याकडे गोठविलेल्या बीजांपासून किती स्त्रियांना मुले झाली आणि बीजे गोठविताना त्यांचे वय काय होते’ हा प्रश्न विचारावा आणि उत्तर लेखी मागावे. संमतिपत्र कन्नड, मराठी किंवा आपणास समजेल त्या भाषेत समजावून घेतल्याविना सही करू नये. वार्षिक शुल्क थकल्यास, केंद्र बंद पडल्यास, दुसऱ्या शहरी बीजे हलवावयाची झाल्यास किंवा दुर्दैवाने त्या स्त्रीचा मृत्यू झाल्यास बीजांचे काय व्हावयाचे, हे त्या पत्रात स्पष्ट लिहिलेले असावे आणि त्याची सहीशिक्क्यानिशी एक प्रत तिने स्वतःजवळ ठेवावी.